मुलांना घेऊन हॉटेलात जेवायला जाताय? बिल कुठे फुगतं आणि कसं आवरायचं

दोघं आपण, दोन मुलं, शनिवारची रात्र, साधंच व्हेज हॉटेल आणि बिल दोन-अडीच हजार. पुणं म्हणा, ठाणं म्हणा, नाशिक म्हणा, आता सगळीकडे हेच आहे. पण ते बिल जरा शांतपणे वाचून बघा, भाजी, रोटी, भात म्हणजे जे खरं जेवण ते बऱ्याचदा निम्म्यात बसलेलं असतं, बाकी सगळं सूप, क्रिस्पी कॉर्न, पाण्याच्या बाटल्या, दोन मॉकटेल आणि शेवटी ते धूर निघणारं ब्राउनी. मुलं बरोबर असली की पैसे जेवणात कमी आणि जेवणाची वाट बघण्यात जास्त जातात हे माझं पक्कं मत आहे. त्यामुळे मुलांना सारखं नाही नाही म्हणत बसायची गरज नाही, त्यांचं पोट आणि आपली ऑर्डर यांचा क्रम लावला की बरंच काम होतं.

सुरुवात घरातूनच होते. रात्री बाहेर जायचं असेल तर साडेपाच-सहाला मुलांना थोडं काहीतरी खायला घाला, पोट भरेल इतकं नाही, भुकेने कावणार नाहीत इतकंच. एखादं केळं, तूप-साखर लावून गुंडाळलेली अर्धी पोळी, वाटीभर चुरमुरे-फुटाणे. काहींना वाटतं की मग तिकडे जेवणार नाहीत आणि पैसे वाया जातील, पण होतं उलटंच, भुकेलेलं मूल टेबलावर बसल्या बसल्या जे दिसेल ते मागतं, आपण पण वैतागून पटकन येणारं काहीतरी मागवतो, ते फ्राईज किंवा मंचुरियन खाऊन त्याचं पोट भरतं आणि खरं जेवण आलं की ते ताटाकडे बघत पण नाही.

दुसरं म्हणजे वेळ. रविवारी रात्री साडेआठला चांगल्या चालणाऱ्या हॉटेलात गेलात तर नाव लिहून बाहेर उभं राहायचंच आहे, आणि बाहेर फुगेवाला असतो, साबणाचे बुडबुडेवाला असतो, लाईट लागणारी खेळणी असतात. त्यांचा धंदा आहे, त्यांनी तिथे उभं राहायलाच हवं, पण आपले दीडदोनशे रुपये आत शिरायच्या आधीच जातात. सात-सव्वासातला पोचा, टेबल लगेच मिळतं, किचन मोकळं असतं म्हणून जेवण पटकन येतं, वेटरला पण तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो (ते का महत्त्वाचं ते पुढे सांगते) आणि मुलं झोपेला येऊन किरकिर करायच्या आत तुम्ही घरी.

आणि खरं सांगू, सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी गोष्ट एकच आहे, रात्रीच्या जेवणाऐवजी सकाळचा नाश्ता बाहेर करा. मुलांना ‘हॉटेलात गेलो’ याचाच आनंद असतो, ते रात्री होतं की सकाळी याने त्यांना काही फरक पडत नाही. दादरला प्रकाश किंवा आस्वादमध्ये साबुदाणा वडा, थालीपीठ, पियूष, माटुंग्याला कॅफे मद्रास किंवा राम आश्रय, पुण्यात एफसी रोडला वैशाली-रूपाली नाहीतर वाडेश्वर, तुमच्या गावात तुमचं जे असेल ते. इडली, डोसा, उपमा, शिरा, चौघांचं पोटभर होतं आणि बिल रात्रीच्या निम्म्याच्या पण खाली येतं, कारण नाश्त्याला स्टार्टर नसतो, सूप नसतं, मॉकटेल नसतं. फक्त रविवारी उशिरा गेलात तर याही ठिकाणी गर्दी असते, तेव्हा लवकर उठायची तयारी हवी, मुलं तशीही सुट्टीच्या दिवशीच पहाटे उठतात.

रात्रीच जायचं असेल तर हॉटेल निवडताना डिस्काउंट कुठे आहे हे नंतर बघा, आधी आपलं मूल तिथे काय खाईल ते बघा. चार वर्षांच्या मुलाला सिझलरच्या ठिकाणी नेलं तर त्याच्यासाठी वेगळं काहीतरी मागवावंच लागणार. उडप्याकडे तसं होत नाही, इडली, दहीभात, साधा डोसा, लोणी, सांबार नको असेल तर नुसती चटणी, सगळं लहान मुलाला चालणारं आणि पाच-दहा मिनिटांत टेबलावर. काही उडप्यांकडे एसी सेक्शनचं मेन्यूकार्ड वेगळं असतं आणि तेच पदार्थ तिथे महाग असतात, थंडीच्या दिवसात एसीत बसून काय करायचंय, सरळ खाली नॉन-एसीत बसा.

थाळीचं जरा नीट समजून घ्या कारण तिथे मुलांमुळे सगळ्यात जास्त नुकसान होतं. अनलिमिटेड थाळी म्हणजे माणशी एक थाळी, शेअरिंग चालत नाही, उरलेलं पार्सल मिळत नाही. मोठ्या माणसाला ठीक आहे, चांगली भूक असेल तर पैसे वसूल होतात, पण सहा वर्षांचं मूल तिथे काय खातं तर दोन पुऱ्या, वाटीभर श्रीखंड आणि एक ढोकळा, आणि त्याचे पूर्ण थाळीचे पैसे द्यायचे हे काही परवडत नाही. बहुतेक ठिकाणी मुलांचा वेगळा रेट असतो पण तो दरवाजावर लिहिलेला असेलच असं नाही. म्हणून निघायच्या आधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: मुलांचा रेट कितव्या वर्षापर्यंत, त्याच्या खालचं मूल आपल्या ताटात जेवलं तर चालेल का, आणि रविवारी किंवा सणाच्या दिवशी रेट वेगळा आहे का. बार्बेक्यू आणि बफे वाल्यांचं पण हेच, कुठे वय बघतात कुठे उंची बघतात, फोनवर कळलं की बरं, काउंटरवर मुलासमोर वाद नको. आणि वय खरंच सांगा, मूल शेजारीच उभं असतं आणि ऐकत असतं.

थाळीची आवड असेल आणि मुलं लहान असतील तर लिमिटेड थाळी किंवा राईस प्लेट बघा. ठरलेल्या वाट्या असतात म्हणून शेअर केली तर बऱ्याच ठिकाणी कोणी काही म्हणत नाही, तीन राईस प्लेट आणि दोन जास्तीच्या पुऱ्या यात दोघं मोठे आणि दोन लहान आरामात जेवतात.

आता ऑर्डर. इथेच खरा खेळ आहे.

बसल्या बसल्या वेटर येतो आणि विचारतो, ‘सूप, स्टार्टर काय आणू?’ त्याचं ते कामच आहे. त्याला सांगा, ‘दादा, आधी मुलांचं घ्या, ते आधी आणा, आमचं नंतर सांगतो.’ मग मुलांसाठी जे किचनमध्ये तयारच असतं असं काहीतरी सांगा, साधा भात आणि दाल, दहीभात, इडली, दाल खिचडी, बटर लावलेली रोटी. दहा मिनिटांत मुलांपुढे गरम भात आला की ती गप्प बसतात, त्यांचं खरं जेवण पोटात जातं आणि मग तुम्ही निवांत स्वतःचं मेन्यूकार्ड बघू शकता. घाईत केलेली ऑर्डर कायम जास्तीची असते, चारच्या जागी सहा पदार्थ येतात आणि दोन तसेच राहतात. गर्दी नसताना गेलात तर वेटर हे सगळं मनापासून करतो, दाल कमी तिखट करून आणतो, भात आधी आणतो, म्हणून वेळेचं वर म्हटलं.

तिखटाचं एक सांगायचंय. बरेच लोक मुलांसाठी एक गोडसर पनीर माखनी आणि स्वतःसाठी एक व्हेज कोल्हापुरी अशा दोन भाज्या मागवतात आणि दोन्ही अर्ध्या उरतात. त्यापेक्षा एकच भाजी कमी तिखट करायला सांगा आणि मोठ्यांसाठी ठेचा किंवा तळलेली मिरची, कांदा-लिंबू मागून घ्या. ठेचा कुठे फुकट देतात कुठे वीस-तीस रुपये लावतात, तरी साडेतीनशेच्या भाजीपेक्षा तो स्वस्तच.

रोट्या एकदम मागवू नका. चार तंदुरी एकदम आल्या की दोन गार होऊन चिवट होतात, मुलं त्या खात नाहीत, आपण नव्या मागवतो. दोन दोन करून सांगा. भात, दाल, बिर्याणी हाफ मिळते का ते तोंडाने विचारा, मेन्यूवर लिहिलेलं नसलं तरी बऱ्याच ठिकाणी देतात. आणि स्टार्टर मागवायचंच असेल तर ‘किती पीस येतात’ हे विचारायला लाजू नका, सहा पीस येत असतील आणि तुम्ही चौघं असाल तर दोघांचं भांडण होणार आणि दुसरी प्लेट येणार हे आधीच कळतं.

सूप वन बाय टू करतातच सगळीकडे. समजा सूप १६० रुपयांचं आहे, चार मागवली तर ६४०, दोन वन बाय टू केली तर ३२०, आणि खरं बघितलं तर लहान मुलं चार चमचे पितात आणि वरचे नूडल्स खातात, तेव्हा मोठ्यांच्या वाटीतलंच त्यांना द्या.

पाण्याची बाटली हा छोटा खर्च वाटतो पण प्रत्येक वेळी असतोच. टेबलावर बाटली ठेवून ‘उघडू का’ विचारतात, तेव्हा सरळ साधं पाणी मागा, नाहीतर मुलांच्या वॉटरबॉटल घरून भरून न्या, लहान मुलांना तेच बरं. आणि बाटलीवरच्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे लावले म्हणून हॉटेलात भांडू नका, कारण डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बसून खायच्या हॉटेल-रेस्टॉरंटला एमआरपीच्या वर पैसे लावता येतात, तिथे तुम्ही नुसती बाटली घेत नाही, जागा आणि सर्व्हिस पण घेता. दुकानाचं तसं नाही. हायवेच्या फूड मॉलमधल्या स्टॉलवरून बिस्किटाचा पुडा किंवा पाण्याची बाटली घेतलीत तर ती एमआरपीलाच मिळायला हवी, तिथे मात्र जरूर बोला.

कोल्ड्रिंक, मॉकटेल, आइस्क्रीम यांचं मुलांशी घरीच ठरवा, गाडीत बसायच्या आधी. ‘आज एक गोष्ट तू निवडायचीस, थंड पेय किंवा गोड, दोन्ही नाही.’ टेबलावर बसून हे सांगितलं तर रडारड होते, घरी सांगितलं तर मुलं आश्चर्य वाटेल इतकी शहाण्यासारखी वागतात. गोड शक्यतो बाहेर खा, हॉटेलात एक स्कूप ज्या भावात मिळतो त्या भावात आइस्क्रीमच्या दुकानात दोन कप येतात, पुण्यात असाल तर एक मस्तानी दोन मुलांत पुरते, आणि चालत जाऊन खाल्लेलं गोड मुलांना जास्त आवडतं. ज्यूस-सोडा घेतलाच तर एक फ्रेश लाईम आणि दोन ग्लास सांगा. ताक मिळत असेल तर प्रश्नच मिटला.

साताठ वर्षांच्या पुढच्या मुलांच्या हातात सरळ मेन्यूकार्ड द्या. आमची मुलगी आधी उजवीकडच्या आकड्यांवरून बोट फिरवते आणि मग डावीकडे पदार्थाचं नाव वाचते, तिला तिचे दोनशे रुपये ठरवून दिलेले असतात आणि त्यात बसवायचं असतं. चीज डोसा घेतला तर ज्यूस बसत नाही, साधा डोसा घेतला तर ज्यूस बसतो, मग ती बराच वेळ ओठ चावत विचार करते, भावाला विचारते ‘अर्धा अर्धा करायचा का?’ आणि शेवटी जे मागवते ते ताटात एक कण न ठेवता संपवते. स्वतः निवडलेलं अन्न मुलं टाकत नाहीत, आपण निवडून दिलेलं टाकतात. मला हे पैसे वाचण्यापेक्षा मोठं वाटतं, पण पैसे पण वाचतातच.

आता बिल. बिल आलं की मुलांच्या चपला शोधत शोधत कार्ड पुढे करू नका, दोन मिनिटं वाचा. न मागवलेलं मसाला पापड, तीनच्या जागी चार रोट्या, परत केलेली पाण्याची बाटली, गर्दीच्या वेळी असं होतं आणि नीट सांगितलं तर लगेच काढून देतात.

मग खाली बघा सर्व्हिस चार्ज आहे का. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय की हॉटेलाने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप घालायचा नाही, हॉटेलवाले त्याच्या विरोधात दिल्ली हायकोर्टात गेले पण मार्च २०२५ मध्ये कोर्टाने पण हेच धरून ठेवलं. तरी काही ठिकाणी अजून घालतात. हिशोब बघा: १८०० रुपयांचं जेवण, त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे १८०, झाले १९८०, आणि त्याच्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ९९, एकूण २०७९. सर्व्हिस चार्ज नसता तर १८९० झाले असते. म्हणजे १८९ रुपये, मुलांचं आइस्क्रीम त्यात आलं. मॅनेजरला आवाज न चढवता म्हणायचं, ‘सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या.’ बहुतेक वेळा काढतात. नाहीच काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. पण ज्या पोराने तुमच्या मुलाने सांडलेलं वरण तोंड वाकडं न करता पुसलं, दोनदा गरम पाणी आणून दिलं, त्याच्या हातात टीप स्वतः द्या. तिथे काटकसर करू नये असं मला मनापासून वाटतं.

जीएसटी साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के असतो, बिलावर अडीच अडीच असा दोन भागात दिसतो. जिथे खोल्यांचं भाडं रात्रीला ७५०० च्या वर जातं अशा मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो, तेव्हा ट्रिपला गेल्यावर रात्रीचं जेवण तिथेच घ्यायचं की बाहेर पडायचं हे या आकड्याकडे बघून ठरवा. आणि छोट्या खानावळी-हॉटेलांपैकी काही कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असतात, त्यांच्या बिलावर तसं लिहिलेलं असतं, त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घ्यायची परवानगीच नाही. तसं लिहिलेलं असून पण टॅक्स लावला असेल तर विचारा.

ॲपच्या ऑफरबद्दल थोडंच सांगते. डिस्ट्रिक्ट, स्विगीचं डाइनआउट, इझीडायनर, यांच्यावर बिल भरलं तर बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, मिळत असेल तर घ्या. फक्त बसायच्या आधी बघा की आज, या वेळेला, या जेवणावर चालते का, कारण बफे आणि कॉम्बो बऱ्याचदा वगळलेले असतात आणि वीकेंडला सूट कमी असते. आणि ‘इतक्याच्या वर बिल झालं तर इतके कमी’ अशी ऑफर असेल तर तो आकडा गाठायला म्हणून एक डेझर्ट वाढवू नका.

ट्रिपला गेल्यावर गणित वेगळं असतं कारण तिन्ही वेळा बाहेरच खायचं असतं. रूम बुक करताना ब्रेकफास्ट धरूनच बुक करा आणि मुलांचा ब्रेकफास्ट कितव्या वर्षापर्यंत फुकट आहे ते लेखी विचारून ठेवा, सकाळी भरपेट झालं की दुपारी मुलांना हलकं काहीतरी चालतं. प्रवासात दशम्या, चटणी, मेथीचे ठेपले, तिखटमिठाच्या पुऱ्या बरोबर असल्या की एक जेवण सुटतं, आणि एक्सप्रेसवेच्या फूड मॉलला मग फक्त चहासाठी थांबायचं.

कोकणात आणि गोव्यात एक सांभाळा. मेन्यूवर माशासमोर किंमत नसून ‘एपीएस’ किंवा ‘साईझप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पापलेट-सुरमई केवढी मोठी त्यावर भाव. आधी मासा दाखवायला सांगा आणि भाव ऐकून मगच हो म्हणा, नाहीतर एका पापलेटमध्ये दोन थाळ्यांचे पैसे जातात. मुलांसाठी एका मोठ्यांच्या फिश थाळीतला भात, कढी आणि तळलेला तुकडा पुरतो, काट्याचं बघून द्यावं लागतंच. मालवण, गुहागर, दिवेआगरकडे घरगुती खानावळी आहेत, तिथे सकाळीच फोन करून किती माणसं आणि किती मुलं ते सांगितलं की मुलांसाठी कमी तिखट आमटी वेगळी काढून ठेवतात, घावन करून देतात, आणि मुलांचे पैसे पण बेतानेच लावतात.

उरलेलं घरी आणायला लाजू नका. गाडीत एक-दोन स्टीलचे डबे ठेवलेत तर पॅकिंगचे पैसे पण वाचतात. दाल उरली की दुसऱ्या दिवशी तिच्यात कणीक भिजवा, थोडी कोथिंबीर, ओवा, पराठे इतके छान होतात की मुलं डब्यात मागून नेतात. भात मात्र लगेच फ्रीजमध्ये टाका आणि रात्रभर बाहेर राहिला तर तो फेकूनच द्या, तिथे पैसे बघायचे नाहीत. तसंच बाहेरची कापून ठेवलेली फळं, उघड्यावरच्या पाणीदार चटण्या, कितीही स्वस्त असू देत, लहान मुलांना नकोच, डॉक्टरचं बिल हॉटेलच्या बिलापेक्षा मोठं असतं.

शेवटी वाढदिवसाचं, कारण हा प्रश्न बरेच जण विचारतात. हॉटेलात मुलाचा वाढदिवस करायचा असेल तर रात्री आठचं जेवण न ठेवता संध्याकाळी पाच ते सातचं खाणं ठेवा. बटाटेवडा किंवा सँडविच, वेफर्स, केक, सरबत एवढ्यात मुलं खूश असतात, आणि वेळ तशी असली की पालक मुलांना सोडून जातात आणि नंतर न्यायला येतात, म्हणजे तुम्हाला पंधरा मुलांबरोबर तीस मोठ्यांच्या प्लेट धराव्या लागत नाहीत. बुकिंग करताना कमीत कमी किती प्लेटचे पैसे लागणार ते आधी ठरवून घ्या आणि आकडा कमीच सांगा, वाढल्या तर दहा प्लेट ते आनंदाने वाढवतात, कमी करून मात्र देत नाहीत. बाहेरून केक आणला तर केक कापायचे वेगळे पैसे लावतात का, डेकोरेशन आपलं आपण केलं तर चालेल का, हॉल किती वाजता रिकामा करायचा, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या आणि ॲडव्हान्स त्याच्यानंतरच द्या.